टेपचा हुक हलतो म्हणजे टेप बाद? अजिबात नाही

पुण्याच्या बोहरी आळीतनं नवीन मेजरिंग टेप आणला की पोरं पहिलं काय करतात, तर पुढचा हुक हलवून बघतात आणि हलला की लगेच "सर, पीस डिफेक्टिव्ह आलाय". एकानं तर हातोडीनं रिव्हेट (हुक पट्टीला धरून ठेवणारी खीळ) ठोकून हुक घट्टच करून टाकला, झालं, चांगला टेप वाया! अरे तो मुद्दाम ढिला ठेवलेला असतो, आणि हलतो किती तर स्वतःच्या जाडीइतकाच, साधारण 1 मिमी. फळीच्या कडेला अडकवून ओढला की हुक बाहेर सरकतो, मग शून्य त्याच्या आतल्या बाजूला. तेच खिडकीच्या चौकटीत आतनं माप घेताना टेकवून दाबला की तो मागे सरकतो आणि शून्य येतं बाहेरच्या बाजूला. रिव्हेटची भोकं लांबट असतात ती यासाठीच, नीट बघा एकदा. घट्ट केला तर दोन्हीपैकी एक माप कायम चुकणार.

तरी शंका असेल तर 10 सेमीच्या खुणेपासून मोजा आणि शेवटी 10 वजा करा (निम्मे जण ते वजा करायलाच विसरतात, पण ते जाऊ दे). हां, टेप पडून हुक वाकला असेल तर मात्र खरंच गडबड आहे.