वाकताना मांडीच्या मागे दुखतंय? आधी ताणणं थांबवा

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "खाली वाकलं की मांडीच्या मागे ओढ बसते, शीर आखडलीय का?" पुढचं वाक्यही बहुतेक तेच: "रोज पायाचे अंगठे धरून ताणतोय, तरी मोकळी होत नाही." दुखणं लांबतं ते या रोजच्या ताणण्यामुळेच, म्हणून हे पत्रक.

मांडीच्या मागे तीन स्नायूंचा गट असतो, त्याला हॅमस्ट्रिंग म्हणतात. आपण ज्या हाडावर बसतो तिथून तो निघतो आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतो. गुडघे सरळ ठेवून कमरेतून वाकलं की तो दोन्ही टोकांनी ओढला जातो. त्यामुळे तिथे बिघाड असला की तक्रार बहुतेकदा वाकताना जाणवते. पण बिघाड एकाच प्रकारचा नसतो.

धावताना किंवा पाय घसरून अचानक कळ आली असेल, तर स्नायूचे काही तंतू फाटलेले असण्याची शक्यता जास्त. सवय नसताना खूप व्यायाम किंवा वाकून काम झालं असेल आणि दोन्ही मांड्या दुसऱ्या दिवसापासून ठणकत असतील, तर ते साधं श्रमाचं दुखणं. ते काही दिवसांत आपोआप ओसरतं, त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही.

दुखणं हळूहळू वाढलेलं, बोट ठेवून दाखवता येईल असं बसण्याच्या हाडापाशीच असेल आणि कडक खुर्चीवर बसलं की वाढत असेल, तर स्नायूबंधाचा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोरीसारख्या भागाचा, विचार करावा लागतो. या प्रकारात ताणण्याचा तोटा सर्वात जास्त. खोल वाकल्यावर स्नायूबंध हाडावर दाबला जातो आणि रोज ताणणारा माणूस तीच जागा रोज चेचत असतो. ताणल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, म्हणून सवय सुटत नाही. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी दुखणं परत येतं आणि माणूस आणखी जोरात ताणतो. ताज्या फाटलेल्या स्नायूचंही तेच: भरून येत असलेले तंतू पुन्हा उसवतात. "आज किती वाकता येतंय" हे दिवसातून चारदा तपासून पाहणं हेही ताणणंच आहे.

कधी दुखणं मांडीत, पण मूळ कमरेत असतं. मणक्यातली गादी सरकून सायटिकाची, म्हणजे कमरेतून पायात उतरणारी, नस चिडली की वाकताना अगदी अशीच ओढ बसते. मुंग्या, बधिरपणा, पोटरीपर्यंत जाणारी कळ, खोकताना सणक, या तिच्या खुणा. घरी एक चाचणी करता येते. खुर्चीवर पाठ वाकवून, मान खाली घालून बसा. ओढ जाणवेपर्यंत पाय समोर हळूच सरळ करा. आता पाय आणि पाठ न हलवता फक्त मान वर करा. ओढ लगेच कमी झाली तर नसेचा संशय घ्या, कारण हॅमस्ट्रिंग मानेपर्यंत जात नाही. नस चिडलेली असताना जोर लावून ताणलं तर ती आणखी चिडते.

म्हणूनच पहिल्या भेटीत आम्ही पायाबरोबर कंबरही तपासतो. "नुसती मशीन लावा, मालीश करा" असा आग्रह होतो आणि तपासणीत वेळ गेला म्हणून काहीजण नाराजही होतात. पण ताज्या दुखापतीवर जोरकस मालीश केल्याने नुकसान होतं आणि शेकाने फाटलेला स्नायू मजबूत होत नाही. मजबूत होतो तो मोजून वाढवलेल्या भाराने. सुरुवात अगदी साधी असते: उताणं झोपून, गुडघे थोडे वाकवून टाचा गादीत दाबायच्या आणि धरून ठेवायच्या. मग कंबर उचलणं, पुढे वजन घेऊन वाकणं. प्रत्येक पायरी कधी चढायची ते आम्ही पाहून ठरवतो. सौम्य दुखापत साधारण एक ते तीन आठवड्यांत आवरते. स्नायूबंधाला तीन महिने किंवा जास्तही लागतात. दुखणं थांबताच व्यायाम सोडू नका. एकदा दुखावलेली हॅमस्ट्रिंग पुन्हा दुखावण्याचा धोका मोठा असतो.

तोवर वाकायचं तर गुडघे किंचित दुमडा आणि वस्तू अंगाजवळ धरून उचला. पूर्ण विश्रांतीही नको, सोसेल तेवढं चाला.

"टक्" असा आवाज होऊन मांडी काळीनिळी पडली, पाऊल उचलता येईना किंवा पाय एकाएकी सुजून गरम झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जांघेचा भाग बधिर झाला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर थेट रुग्णालय गाठा, आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका.

येताना गुडघ्याच्या वर सरकवता येतील असे सैल कपडे घाला. जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी आणा, कारण कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनीही स्नायू दुखतात. आणि येण्याच्या दिवशी सकाळी ताणून येऊ नका, तपासणीत खरी जागा सापडत नाही.