मर्ग

मर्ग म्हणजे एखाद्याचे मरण नैसर्गिक, अपघाती, स्वतःहून ओढवून घेतलेले की दुसऱ्याने घडवलेले हे ठरण्याआधी पोलीस ठाण्यात होणारी त्या मृत्यूची नोंद, आणि त्या नोंदीमागून चालणारी चौकशी. शब्द फारसी, अर्थ नुसता ‘मृत्यू’. पुण्या-मुंबईकडे याला ‘अकस्मात मृत्यू’ म्हणतात आणि कागदावर ‘अ.मृ.’ लिहितात. विदर्भात ‘मर्ग दाखल झाला’ असेच बोलतात, वर्तमानपत्रेही तसेच छापतात. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या ठाण्यांतही हाच शब्द चालतो. विदर्भ १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता, त्या काळाची ही खूण आहे.

मर्ग हा गुन्हा नव्हे. मर्ग दाखल झाला म्हणजे कोणावर आरोप आला असे होत नाही, आणि ‘नुसता मर्ग आहे’ म्हणजे खून नाही असेही होत नाही. गावातल्या व्यापारातला एखादा भागीदार सकाळी मरून पडलेला सापडला, की ही दोन्ही गैरसमजुतीची टोके चावडीवर एकदमच ऐकू येतात. या लेखात मुख्यतः तशाच मृत्यूंचा विचार केला आहे. कारण मरणाचे कारण समजूनही ते कसे आले हे न समजण्याची अडचण तिथे सर्वांत तीव्र होते.

कायद्यातील जागा

पूर्वी ही चौकशी फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १७४ खाली होई. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. खबर मिळताच ठाणेदाराने (विदर्भात ठाण्याच्या प्रमुखाला हेच म्हणतात) जवळच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवायचे, जागेवर जायचे, आणि शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित माणसांसमोर प्रेताची अवस्था लिहून घ्यायची: जखमा, मोडलेली हाडे, मुका मार, आणि ते कशाने झाले असावे याचा दिसणारा अंदाज. नव्या संहितेने हा अहवाल चोवीस तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे पाठवण्याचे बंधन घातले आहे.

या पंचनाम्याचा हेतू मर्यादित आहे. कोणी मारले हे त्यात लिहिणे अपेक्षित नाही. मृत्यू संशयास्पद आहे का आणि दिसणारे कारण काय, एवढेच. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच हे स्पष्ट केले. मात्र दखलपात्र गुन्हा घडल्याची माहिती समोर आली, तर पहिली खबर (एफआयआर) नोंदवणे बंधनकारक आहे, असे याच न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ च्या ललिताकुमारी निकालात सांगितले. त्यामुळे ‘आधी मर्ग, मग पाहू’ ही सवय प्रत्येक वेळी कायद्याला धरून असतेच असे नाही.

पहिला तास

गावात ही साखळी पोलीस पाटलापासून सुरू होते. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाखाली तो काम करतो. त्याचा फोन ठाण्यात जातो, तिथून बीट जमादार (त्या भागाचा हवालदार) निघतो. तो पोचेपर्यंत निम्मे गाव जमलेले असते. कोणीतरी डबा उचलून हुंगलेला असतो, कोणीतरी ओकारीवर पाणी ओतलेले असते, माणूस शेतात पडून राहू नये म्हणून त्याला बैलगाडीत किंवा मोटारीत घालून घरी आणलेले असते. हे सारे मायेपोटी होते, आणि त्यातच पुरावा जातो. दहनाची घाईही तशीच. पुरलेले प्रेत दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने पुन्हा काढून तपासता येते. राख तपासून फारसे हाती लागत नाही.

चांगल्या पंचनाम्यात बारीक गोष्टी येतात: चपला कुठे होत्या, डब्याचे झाकण लावलेले होते की काढलेले, आत किती औषध उरले होते, पेला एक होता की दोन. वाईट पंचनाम्यात एकच ठरलेले वाक्य येते, ‘विषारी औषध प्राशन केल्याचे दिसून येते’. या वाक्याने चौकशी सुरू होण्याआधीच निकाल दिलेला असतो. प्राशन करणारा कोण आणि पाजणारा कोणी होता का, हे डब्याकडे पाहून कोणाला दिसत नाही.

औषध

विदर्भाच्या कापूसपट्ट्यात ‘औषध’ म्हणजे कीटकनाशक. ‘त्यानं औषध घेतलं’ याचा अर्थ त्याने आत्महत्या केली. भाषाच इथे निष्कर्ष काढून मोकळी होते. ‘औषध घेतलं’, ‘फवारताना औषध अंगात भिनलं’ आणि ‘औषध दिलं’ या तिन्हींत शरीरात सापडणारे रसायन एकच असू शकते. शहरात एखाद्याच्या पोटात कीटकनाशक सापडले तर ते घरात आले कुठून, हा पहिला प्रश्न पडेल. इथे ते गोठ्याच्या कोनाड्यात, कृषी केंद्राच्या फळीवर आणि शेजाऱ्याच्या बंड्यातही असते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने गेले. त्यांनी काही ‘घेतले’ नव्हते. विष कातडीतून आणि श्वासातून आत गेले होते.

सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या विषाची लक्षणे ठळक असतात: डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक बाहुल्या, तोंडाला फेस, घाम, उग्र वास. पण रुग्ण जिवंत दवाखान्यात पोचला असेल, तर उतारा म्हणून ॲट्रोपीन दिले जाते आणि त्याने बाहुल्या रुंदावतात. उपचाराचे कागद न पाहता नुसत्या डोळ्यांवरून मत देणारा इथे चुकतो. उग्र वासाचाही विचार करावा लागतो: माणसाने ते नकळत गिळले असे म्हणायचे, तर सोबत काय प्यायले होते आणि ते कोणी आणले, हे विचारलेच पाहिजे.

डब्याचा मागही काढता येतो. कीटकनाशकांची विक्री १९६८ च्या कायद्याखाली परवान्याने होते, आणि डब्यावर बॅच क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक पंचनाम्यात उतरला, तर कृषी केंद्राच्या पावत्यांशी जुळवून डबा कोणाच्या नावावर गेला ते पाहता येते. उधारीची वही इथे पक्क्या बिलाइतकीच बोलकी ठरते.

शवविच्छेदन

प्रेत ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाते. गुंतागुंतीचे असेल तर सेवाग्राम, यवतमाळ, अकोला किंवा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सूर्यास्तानंतरच्या शवविच्छेदनाला परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, कुजलेले प्रेत आणि घातपाताचा संशय असलेली प्रकरणे सर्वसाधारणपणे त्यातून वगळली. म्हणजे संध्याकाळी सापडलेल्या माणसाचे नातेवाईक रात्रभर शवागाराबाहेर बसून राहतात. त्या रात्रीत कुटुंबाच्या मनात जे पक्के होते ते पुढे जबाबात उतरते, म्हणून अनुभवी जमादार पहिली विचारपूस त्याआधीच उरकतो.

विषाचा संशय असेल तर व्हिसेरा राखून ठेवतात: जठर आतल्या अन्नासह, लहान आतड्याचा तुकडा, यकृत, प्लीहा, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग, शिवाय रक्त. हे अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. फॉर्मालीन चालत नाही, त्याने विषाच्या तपासणीत अडथळा येतो. नमुने नागपूर किंवा अमरावतीच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात आणि तोवर डॉक्टर ‘मत राखून ठेवले’ असा शेरा देतात. अहवाल यायला महिने लागू शकतात.

मृत्यूची वेळ काढणे हा इथला खास अवघड भाग. प्रेत थंड कसे होत गेले यावरून वेळ काढायची पद्धत हवा शरीरापेक्षा गार असते असे धरून चालते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी उघड्यावर पडलेले शरीर थंड होतच नाही. अंग ताठरण्याची क्रियाही उन्हाळ्यात लवकर येऊन लवकर ओसरते, आणि कुजणे झपाट्याने सुरू होते. विहिरीतल्या प्रेताचे गणित निराळे: जुन्या ढोबळ नियमाने कुजण्याच्या बाबतीत हवेतला एक आठवडा पाण्यातल्या दोन आणि जमिनीखालच्या आठ आठवड्यांएवढा.

रात्रीचे ओलीत (पिकाला पाणी देणे) हीदेखील ध्यानात ठेवण्याची गोष्ट. शेतीपंपाला वीज पाळीपाळीने मिळते, बऱ्याचदा रात्री. म्हणून पहाटे दोन वाजता कोणी विहिरीवर होता यात संशयाचे काही नसते. त्याच वेळी मण्यार चावते (तिचे दात इतके बारीक की खूण सहज दिसत नाही), त्याच वेळी रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या विजेचा झटका बसतो, आणि त्याच वेळी माणूस काठावरून घसरतो. दुसऱ्याला मारून अपघाताचे सोंग आणणाऱ्याला हे सारे आयतेच उपलब्ध असते. खरा अपघात झालेल्याच्या घरच्यांनाही याच कारणाने संशय सोसावा लागतो.

भागीदाराचा मृत्यू

हिंगणघाट, वणी, खामगाव, अकोट या भागांत जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणे), आडत, सरकीचे तेल आणि कृषी केंद्र हे धंदे पुष्कळदा दोघातिघांच्या भागीदारीत चालतात. करार कधी मुद्रांकावर, कधी नुसता शब्दावर. दसऱ्यानंतर वेचणीचा कापूस येऊ लागला की चार महिने रोकड फिरते, आणि भागीदारांचे वितुष्ट बहुधा त्याच चार महिन्यांत उघडे पडते.

भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ४२ प्रमाणे करारात वेगळे ठरले नसेल तर एक भागीदार मेला की भागीदारी संपते. दोघांच्याच धंद्यात तर मागे एकच उरतो. हिशेब मिटेपर्यंत उरलेल्याने धंदा चालू ठेवला, तर मृताच्या वारसांना कलम ३७ खाली त्यांच्या वाट्याच्या मालमत्तेवरचा नफा किंवा सालीना सहा टक्के व्याज मागता येते. तेव्हा भागीदार मेल्याने दुसऱ्याचा फायदाच होतो, हा गावातला अंदाज पुष्कळदा चुकीचा असतो. बँकेचे कर्ज आणि वारसांचा दावा दोन्ही त्याच्याच गळ्यात येतात. फायदा तेव्हा होतो, जेव्हा वही एकालाच माहीत असते. म्हणून अशा मर्गात रोकडवही, खतावणी आणि कच्च्या पावत्या पहिल्याच दिवशी ताब्यात घेणे प्रेताच्या पंचनाम्याइतकेच गरजेचे आहे. या लेखकाच्या मते हे काम बहुतेक वेळा फार उशिरा होते.

कापसाच्या धंद्याचे आपले साक्षीदारही असतात. वजनकाट्याच्या छापील चिठ्ठीवर गाडीचा क्रमांक आणि वेळ असते. मोठ्या वीजजोडणीच्या मीटरमध्ये ठरावीक अंतराने वापर नोंदला जातो, त्यावरून जिन केव्हा थांबली ते कळते. गाठ साधारण १७० किलोची. किती कापूस आला, किती रुई निघाली, किती सरकी गेली याचा मेळ बसला नाही, तर माल कुठे गेला हा प्रश्न उभा राहतो. याउलट मोबाईलच्या टॉवरवर फार विसंबता येत नाही. खेड्यात टॉवर लांब लांब असतात, आणि एकाच टॉवरखाली जिन, शेत, विहीर आणि दोन्ही भागीदारांची घरे येऊ शकतात.

विम्याची बाजूही पाहावी लागते. आयुर्विम्यात पहिल्या वर्षातल्या आत्महत्येला सहसा पूर्ण रक्कम मिळत नाही, अपघाताला मिळते. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूसाठी राज्य शासनाचे सानुग्रह अनुदान वेगळे, शेतकरी आत्महत्येसाठीचे वेगळे. या सगळ्यांना मर्गाचे कागद लागतात. म्हणजे पंचनाम्यातल्या एका शब्दावर विधवेच्या हाती काय पडेल ते ठरते, आणि तो शब्द असा की तसा असावा म्हणून दबावही येतो.

न्यायालयात

मर्गातून खुनाचा गुन्हा उभा राहिला, तर तो बहुधा परिस्थितीजन्य पुराव्यावर. या पुराव्याचा पायाभूत निकाल नागपूरच्या उच्च न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात १९५२ मध्ये झाला: हनुमंत नरगुंदकर खटला. तो खुनाचा नव्हता, सिवनीच्या मद्यार्क कारखान्याच्या निविदेतल्या बनावट कागदांचा होता. तरीही आजवर खुनाच्या असंख्य निकालांत त्याचा दाखला दिला जातो. साखळी अशी पूर्ण हवी की आरोपीच्या निर्दोषपणाला वाजवी जागा उरू नये. १९८४ च्या शरद सारडा निकालाने विषप्रयोगासाठी चार गोष्टी मांडल्या: हेतू, मृत्यू विषानेच झाला हे, आरोपीकडे ते विष होते हे, आणि ते देण्याची संधी. कापूसपट्ट्यात तिसरी गोष्ट जवळजवळ प्रत्येकाविरुद्ध सिद्ध होते, म्हणून तिचे वजन उतरते आणि चौथीचे वाढते. शेवटचे एकत्र कोण दिसले, कोणी बोलावले, कोणी पाजले, हेच तपासाचे केंद्र बनते.

रहस्यकथेत

भागीदाराच्या संशयास्पद मृत्यूभोवती रहस्यकथा रचणाऱ्या लेखकाला ग्रामीण विदर्भ मोठी सामग्री देतो. मात्र बंगल्यातल्या बंद खोलीचा साचा इथे उपयोगी नाही. खेड्यात दार बंद नसते, रात्री कोण कुठे गेले हे कोणालातरी माहीत असते, आणि विष दुर्मीळ नसते. हेराची जागा बीट जमादार घेतो. त्याच्याकडे इतर कामे, कोर्टाच्या तारखा आणि बंदोबस्त असतो. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत साक्षीदारांचे संबंध बदललेले असतात, सोयरिकी जुळलेल्या असतात. खरा ताण या लांबणीत आहे. मारेकरी पहिल्याच प्रकरणात ओळखू आला तरी चालेल, कारण इथे प्रश्न ओळखण्याचा कमी आणि सिद्ध करण्याचा जास्त असतो.

मर्ग बंद होणे

घातपात आढळला नाही तर पोलीस अंतिम अहवाल पाठवतात आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या मंजुरीने मर्ग बंद होतो. पुढे नवा पुरावा निघाला तर गुन्हा नोंदवता येतो; खुनाच्या गुन्ह्याला मुदतीचे बंधन नाही. पण राखून ठेवलेला व्हिसेरा कायम ठेवला जात नाही, कच्च्या पावत्या पुढच्या हंगामात रद्दीत जातात, आणि वजनकाट्याच्या चिठ्ठीवरची शाई वर्षा-दोन वर्षांत उडून जाते.