सीडीच्या जमान्यात कॅसेट का? निन्टेन्डो ६४ची पार्श्वभूमी

क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीचा निन्टेन्डो ६४ हा टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल जपानमध्ये २३ जून १९९६ रोजी विक्रीला आला, तेव्हा सीडीवर चालणाऱ्या प्लेस्टेशन आणि सॅटर्न या प्रतिस्पर्धी यंत्रांना दीड वर्ष उलटून गेलं होतं. सीडीत साधारण ६५० एमबी मावायचे. या नव्या यंत्राच्या कार्ट्रिजने, म्हणजे खेळ साठवलेल्या खोचायच्या डबीने, आपल्या अखेरच्या काळातही ६४ एमबीची मर्यादा ओलांडली नाही.

‘कॅसेट’ या शब्दाचा घोळ आधी सोडवायला हवा, कारण पुढचा सगळा वाद त्यात दडलेला आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे फॅमिकॉम या निन्टेन्डोच्याच जुन्या यंत्राच्या नकला टीव्हीला जोडून खेळल्या जात आणि त्यात खोचायच्या पिवळ्या-काळ्या डबीला सगळे ‘कॅसेट’च म्हणत. जपानी मुलंही ‘कासेत्तो’च म्हणत. पण हिच्यात गाण्यांच्या कॅसेटसारखी टेप नसते. असते ती मास्क रॉम नावाची चिप. कारखान्यात चिप घडतानाच खेळ तिच्यात कायमचा बसवला जातो आणि नंतर त्यात बदल होत नाही. त्यामुळे कॅसेट बनवणं म्हणजे चिप बनवणं. त्याला आठवडे लागतात आणि पैसे आगाऊ मोजावे लागतात. सीडी छापायला तेवढा खर्चही नाही, तेवढा वेळही नाही.

कंपनीने जाहीरपणे पुढे केलेलं मुख्य कारण वेगाचं होतं आणि ते खोटं नव्हतं. प्लेस्टेशनचा ड्राइव्ह सेकंदाला जेमतेम ३०० केबी वाचायचा. म्हणजे त्याची २ एमबीची मुख्य मेमरी एकदा भरायलाच सहा-सात सेकंद जायचे. कॅसेटमधून तेवढा डेटा निमिषात यायचा. शिवाय ड्राइव्ह नसल्यामुळे यंत्र स्वस्त पडलं: जपानमध्ये २५,००० येन, तर प्लेस्टेशन निघाला तेव्हा ३९,८०० येनचा होता. कॅसेटची नक्कल करणंही सीडीइतकं सोपं नव्हतं. फॅमिकॉमसाठी १९८६ साली काढलेल्या चुंबकीय डिस्कचा अनुभव गाठीशी होताच. दुकानात ५०० येनमध्ये नवा खेळ भरून मिळायचा, ही सोय सुंदर होती, पण प्रत्येक वेळी थांबावं लागायचं आणि नकलाही झाल्या.

माझ्या मते खरं वजन मात्र दुसरीकडे होतं. कॅसेट बनवण्याचा मक्ता क्योटोच्या कंपनीकडे होता. बाहेरच्या प्रकाशकाने खेळ लिहायचा, प्रती कंपनीकडूनच करून घ्यायच्या, पैसे आधी भरायचे आणि माल पडून राहिला तर तोटा आपणच सोसायचा, अशी ही व्यवस्था होती. फॅमिकॉमच्या काळापासून उत्पन्नाचा मोठा झरा तोच. सीडी आली की त्यावरचा ताबा निसटण्याची भीती होती, आणि ती हवेतली नव्हती. आधीच्या सुपर फॅमिकॉमसाठी टोकियोच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीबरोबर सीडीचा करार झाला होता. त्यात सीडीवरच्या खेळांचे हक्क त्या भागीदाराकडे जात होते. १९९१च्या जूनमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात भागीदाराने यंत्र जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी क्योटोने एका डच कंपनीशी हातमिळवणी जाहीर केली. दुखावलेल्या त्या भागीदाराचं यंत्र म्हणजेच पुढचा प्लेस्टेशन.

या यंत्रावरची चित्रं धूसर दिसत, त्याचा सगळा दोष कॅसेटला देतात. ते अन्यायाचं आहे. चित्रांचे पोत (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रं) हाताळणारी आतली मेमरी अवघी ४ केबी होती. सीडी असती तरी ती अडचण सुटली नसती.

प्रकाशकांनी मात्र हिशेब मांडला. यंत्र विक्रीला येण्याआधीच, जानेवारी १९९६मध्ये, ‘फायनल फँटसी ७’ हा खेळ प्लेस्टेशनवर जाणार हे जाहीर झालं. वर्षभराने तो तीन सीडींवर आला, किंमत ६,८०० येन. ‘सुपर मारिओ ६४’ची एक कॅसेट ९,८०० येनला पडत होती. मुलांच्या खिशाला हा फरक फार मोठा होता, आणि या निर्णयाचा सर्वांत मोठा भुर्दंड त्यांनीच भरला असं मला वाटतं. जागेची तूट भरून काढायला आणलेला ६४ एमबीचा डिस्क ड्राइव्ह डिसेंबर १९९९पर्यंत रखडला, जपानबाहेर गेलाच नाही आणि २००१च्या सुरुवातीला बंद झाला. अखेरीस निन्टेन्डो ६४ सुमारे ३.३ कोटी विकले गेले, प्लेस्टेशन १० कोटींच्या पुढे.

२००१च्या गेमक्यूबमध्ये कंपनी चकतीवर आली, पण तीही ८ सेंटिमीटरची, नेहमीच्या डीव्हीडीहून लहान. २०१७च्या स्विचमध्ये पुन्हा चिपचं कार्ड आलं. तोवर फ्लॅश मेमरी इतकी स्वस्त झाली होती की ३२ जीबीपर्यंतची कार्डं निघू शकली. २०२५च्या स्विच २मध्ये काही खेळांच्या कार्डात खेळच नसतो. तो इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो, आणि खेळताना कार्ड यंत्रात असावंच लागतं.