पार्श्वभूमी : पॉलिएस्टरचा पेटता थेंब

पॉलिएस्टर पेटतं यापेक्षा ते ठिबकतं, हा मोठा ताप. नेहमीचं पॉलिएस्टर म्हणजे पीईटी (पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट). ते साधारण 255 ते 260 अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याची रासायनिक मोडतोड सुरू होते बरीच पुढे. त्यामुळे आच लागली की ते आधी पाघळतं आणि मग त्याचे जळते थेंब खालची गादी पेटवतात, नाहीतर अंगाला चिकटतात.

मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये काम करणाऱ्या जॉन रेक्स व्हिनफील्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन यांनी 1941 मध्ये हा धागा काढला. त्याचंच टेरिलीन झालं, आणि सुताबरोबर मिसळून आपल्याकडचं टेरिकॉट. इस्त्री मोडत नाही म्हणून कौतुक झालेलं हे कापड आगीत मात्र वाईट वागतं. सुताचा कोळसा होतो, तो वितळलेलं पॉलिएस्टर वातीसारखा धरून ठेवतो आणि ते जागेवरच जळत राहतं.

अमेरिकेत 1970 च्या दशकात मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आगीचे नियम लागले. ते पाळायला पॉलिएस्टरवर 'ट्रिस' नावाचं आग रोखणारं ब्रोमीनयुक्त रसायन चढवलं गेलं. ते जिवाणूंच्या जनुकांत बदल घडवतं आणि कर्करोगाचा धोका संभवतो, हे आर्लीन ब्लम व ब्रूस एम्स यांनी 1977 मध्ये जाहीरपणे मांडलं. त्याच वर्षी मुलांच्या कपड्यांतून ट्रिस हद्दपार झालं. ब्रोमीन मात्र प्लास्टिकमधून इतक्या सहज गेलं नाही. डेकाबीडीई हे त्यातलं एक ठळक रसायन स्टॉकहोम कराराच्या (निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या जागतिक कराराच्या) यादीत यायला 2017 उजाडलं.

दुसरी वाट फॉस्फरसची. जर्मनीतल्या ट्रेव्हिरा सीएससारख्या धाग्यांत फॉस्फरस पॉलिमरच्या, म्हणजे धाग्याच्या लांबलचक रेणूच्या, साखळीतच ओवलेला असतो, त्यामुळे धुऊन जात नाही. पण यात एक गंमत आहे. अशी बरीच पॉलिएस्टर विझतात ती काही अंशी ठिबकूनच, कारण वितळलेला भाग उष्णता घेऊन ज्वाळेपासून दूर पडतो. पडद्याला ते चालून जातं. प्लास्टिक किती पेटतं हे पाहणाऱ्या यूएल-94 चाचणीत मात्र उभ्या टांगलेल्या पट्टीखाली कापूस ठेवतात. पट्टी वेळेत विझली, पण थेंबाने कापूस पेटला, तर फार तर व्ही-2 दर्जा मिळतो, त्याहून वरचा व्ही-0 नाही.

थेंब अडवायचा तर साखळ्या एकमेकींना आडव्या बांधायला हव्यात. तसं केलं की वितळ (वितळलेलं पॉलिएस्टर) घट्ट होतो, कोळसाही जास्त उरतो. कोळसा जास्त तितकं जळणं कमी, हा संबंध डच शास्त्रज्ञ व्हॅन क्रेव्हेलेन यांनी 1975 मध्येच मांडला होता. पण आधीच बांधलेल्या साखळ्यांचा धागा ओढणार कसा? म्हणून बांधणारा अणूंचा गट साखळीत झोपवून ठेवायचा, तो आगीतच जागा व्हावा असा. मिशिगन विद्यापीठात डेव्हिड मार्टिन यांच्या गटाने 1990 च्या दशकात बेंझोसायक्लोब्युटीनचं कडं पीईटीत घातलं. ते साधारण 350 अंशांना उघडतं आणि शेजारच्या साखळीला धरतं. पुढे चीनमध्ये सिचुआन विद्यापीठातल्या वांग युचोंग यांच्या गटाने फेनिलअसिटिलीन, अ‍ॅझोबेंझीन असे गट वापरून ब्रोमीन-फॉस्फरसशिवाय आपोआप विझणारी, न ठिबकणारी पॉलिएस्टर केली.

सगळी मेख तापमानाच्या पट्ट्यात आहे. धागा ओढताना वितळ 280 अंशांच्या आसपास असतो. गट तिथेच जागे झाले तर गाठी धरतात आणि यंत्राची बारीक छिद्रं तुंबतात. फार उशिरा झाले तर थेंब आधीच पडलेला असतो. शिवाय हे खास मोनोमर (साखळीचे सुटे दुवे) नेहमीच्या कच्च्या मालापेक्षा महाग पडतात, आणि पॉलिएस्टर खपतं ते मुळात स्वस्ताईवर.