पॉपलरची गिटार आणि सागवानी बडोदं

बडोद्यात चांगलं लाकूड म्हणजे सागवान. शेजारच्या संखेड्याचं लाखेचं रंगीत फर्निचर सागाचं, जुन्या वाड्यांचे खांबही सागाचे. त्यामुळे इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीसाठी पॉपलरचं लाकूड हवं म्हटलं, की मिस्त्री म्हणणारच, ‘अहो, ते प्लायवूडच्या पोटातलं!’ त्याचं तसं चुकत नाही, पण गोष्ट अर्धीच आहे.

अमेरिकेतल्या गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने 1950 साली भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली ती ॲश लाकडाची. ॲशची छिद्रं मोठी, रंगाआधी ती भरून घ्यावी लागतात. 1956च्या सुमारास त्याच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या बहुतेक बॉडी अल्डर लाकडाच्या होऊ लागल्या, कारण अल्डरला हा खटाटोप नाही. पुढे 1990च्या दशकात फेंडर कंपनीने अमेरिकेत आणि मेक्सिकोत बनणाऱ्या काही गिटारींना पॉपलर वापरलं. ते स्वस्त, मुबलक आणि बारीक छिद्रांचं. फक्त त्यात हिरवट पट्टे असतात, ते पारदर्शक पॉलिशखाली शोभत नाहीत. म्हणून वर दाट रंग चढला, आणि दाट रंग म्हणजे खाली काहीतरी लपवलंय हा समज चिकटला तो कायमचाच. म्यूझिक मॅन कंपनीची, गिटारवादक स्टीव्ह मोर्सच्या नावाची गिटारही पॉपलरचीच, आणि ती काही कधी स्वस्तात मिळत नव्हती.

आवाजाच्या वादात मी फार शिरत नाही. पिकअप, म्हणजे तारांखालचा चुंबकी भाग, पोलादी तारांचं कंपन टिपतो. अकूस्टिक गिटारीत लाकडाचा जेवढा वाटा, तेवढा इथे नसतो. वजनाचा मुद्दा मात्र खरा. पॉपलर घनमीटरला साधारण 450 किलो भरतं, अल्डरही जवळपास तेवढंच, साग 650च्या आसपास. नवरात्रात गरब्याच्या बँडमध्ये नऊ रात्री उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला हा फरक कळतो.

आता मिस्त्रीचं खरं कुठे आहे ते. अमेरिकन गिटारींतलं पॉपलर म्हणजे ट्यूलिप ट्री, सोनचाफ्याच्या कुळातलं. आपल्याकडचं पॉपलर निराळं, विलोच्या कुळातलं. हेही मूळचं अमेरिकेचंच, पण भारतात त्याची शेतावर लागवड वाढली ती काडेपेट्या आणि प्लायवूडसाठी, तराई, पंजाब, हरियाणात. हरियाणातल्या यमुनानगरचा प्लायवूड धंदा बराचसा त्यावर उभा आहे. शेतकरी सहा-आठ वर्षांत झाड तोडतो. एवढ्या कोवळ्या लाकडात पाणी फार. नीट वाळवलं नाही तर फळी पिळते, आणि रंध्याखाली पृष्ठभाग गुळगुळीत न होता तंतू उभे राहतात. खोडही बारीक, म्हणून 45 मिलिमीटर जाडीची बॉडी दोन-तीन तुकडे सरसाने जोडूनच करायची. तंतू बसवायला आधी सीलरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, हात देऊन घासायचं, मगच रंग. नेक, म्हणजे गिटारचा दांडा, बॉडीला बसवायच्या स्क्रूसाठी आधी भोक पाडून घ्यायचं आणि बेताने आवळायचं. सागाच्या सवयीने जोर लावला तर आटे सुटतात आणि नेक डुगडुगायला लागते.