घोळीच्या भाजीतले अँटिऑक्सिडंट

बांधावर, कुंडीत, अगदी फरशीच्या फटीतही उगवणारी घोळ बहुतेक जण तण म्हणून उपटून फेकतात. लालसर गुळगुळीत दांडा, जाडसर पानं, चव आंबूस. या रानभाजीत ‘अँटिऑक्सिडंट’, म्हणजे पेशींना होणारी इजा रोखणारी द्रव्यं, भरपूर असतात हे खरंच आहे. पण घोळ ती आपल्यासाठी बनवत नाही.

ऊन सोसेनासं झालं तरी झाडाला सावलीत जाता येत नाही. पानाला वापरता येईल त्याहून जास्त प्रकाश पडला, की ऑक्सिजनची जहाल रूपं तयार होतात आणि पेशींना इजा करू लागतात. त्यांना आवर घालायला घोळीकडे क आणि ई जीवनसत्त्व आहे, ग्लुटाथायोन आहे, बीटा कॅरोटीन आहे. दांड्याची लाली बीटालेनची. बीटाला लाल करतात ती याच कुळातली रंगद्रव्यं.

हा गुण मोजायची रीत पाहण्यासारखी आहे. डीपीपीएच नावाचं रसायन मेथॅनॉलमध्ये विरघळवलं की गर्द जांभळं द्रावण होतं. त्यात पाल्याचा अर्क घालून ते साधारण अर्धा तास अंधारात ठेवतात. अर्कात दम असेल तर जांभळा रंग ओसरून पिवळट छटा येते. रंग किती उतरला, ते ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात.

पण परीक्षानळीला आतडं नसतं, यकृत नसतं. पॉलिफिनॉल ही वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं; खाल्लेल्यांपैकी थोडीच रक्तात पोचतात, तीही रूप बदलून. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा तक्ता २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल १९९४ मध्ये आला: बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. त्यामुळे रानभाजीची पावडर ‘कर्करोगावर उपाय’ म्हणून विकली जाते, तेव्हा मला मनापासून चीड येते.

भाजी म्हणून मात्र घोळ जरूर खावी. पालेभाज्यांत एरवी कमीच असणारं ओमेगा-३ हे उपयुक्त स्निग्धाम्ल तिच्यात चांगलं असतं. तिच्यात बहुतेक मूतखड्यांत सापडणारं ऑक्झॅलेटही बरंच असतं, म्हणून मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी. आपल्याकडे ती डाळीचं पीठ लावून ताकात करतात, ते फार बरं. ताकातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला पोटातच बांधून ठेवतं आणि ते रक्तात कमी उतरतं.