हॅमरचा आकडा चांगला, म्हणजे कॉलम ठणठणीत?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जुन्या कारखान्यांत हमखास ऐकू येतं: ‘हॅमर टेस्टला आकडा चांगला आलाय, आणखी वीस वर्षं बघायला नको.’ साफ चुकीचं. रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारं उपकरण) फक्त पृष्ठभागाचा कडकपणा मोजतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे जुन्या काँक्रीटचा वरचा थर उलट कडक होतो; हेच कार्बोनेशन. टोकाच्या वेळी ताकदीचा अंदाज 50 टक्क्यांपर्यंत फुगतो. त्याच प्रक्रियेत काँक्रीटचा अल्कधर्मीपणा जातो आणि सळई गंजायला मोकळी होते. म्हणजे आकडा फुगवणारं कारणच सळईच्या मुळावर उठलेलं! कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) ताजं फोडून फिनॉल्फ्थॅलीन (अल्कधर्मीपणा दाखवणारं रसायन) शिंपडा. गुलाबी झालं तर कार्बोनेशन तिथे पोचलेलं नाही. रंग आलाच नाही तर पोचलंय. (खाडीकाठच्या क्लोराइडचा, म्हणजे खारेपणातून सळई गंजवणाऱ्या घटकाचा, हिशोब वेगळा, तो रंगात दिसत नाही.) सळईपर्यंत रंग आलाच नाही, तर हाफ-सेल चाचणी (सळई गंजत असण्याची शक्यता दाखवणारी) केल्याशिवाय आणि कोअर (काँक्रीटचा दंडगोल नमुना) काढल्याशिवाय प्लास्टरवाल्याला बोलावू नका.